बारा वाजेपर्यंत काही नको

डॉक्टरांनी एक्स-रे पांढऱ्या उजेडावर लावला, त्यावर बोट ठेवलं आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "काकूंच्या दोन्ही गुडघ्यांत गादीच राहिलेली नाही. हाडावर हाड घासतंय."

गुडघे माझे आणि बोलणं ह्यांच्याशी. माझं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली.

आजाराचं नाव ऑस्टिओआर्थरायटिस. सांध्यात दोन हाडांच्या मध्ये जी मऊ कूर्चा असते ती झिजून जाते, असा त्याचा अर्थ. मला आश्चर्य वाटलं नाही. शाहूपुरीत आमचं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या काउंटरमागं उभी आहे. सुई द्या, बॉबिन द्या, पट्टा द्या. माळ्यावर चढायचं, खोकं काढायचं, उतरायचं, गिऱ्हाईक म्हणणार हा नको दुसरा दाखवा, की परत चढायचं. गुडघे लोखंडाचे असते तरी झिजले असते.

"नी रिप्लेसमेंट करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. म्हणजे झिजलेला सांधा काढून कृत्रिम बसवायचा. "पण एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. आधी वजन उतरवा, मग या."

"कसं उतरवू?" मी विचारलं.

"कमी खा. चाला."

"चालता येत नाही म्हणून तर आलेय ना डॉक्टर."

त्यांनी तोवर पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली होती.

मी त्रेसष्ट वर्षांची. त्या वयात वजन उतरवायला सांगणं सोपं आणि उतरवणं काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. तिशीत दोन दिवस भात सोडला की साडीच्या निऱ्या सैल व्हायच्या. आता महिनाभर भात सोडला तरी काटा जागचा हलत नाही. वरून मला सात-आठ वर्षांपासून मधुमेह. त्यासाठी सकाळी एक गोळी, नाश्त्याच्या आधी. ही गोळी लक्षात ठेवा. माझं सगळं रामायण तिच्यामुळे झालं.

मी वजन उतरवणार ही बातमी गल्लीत कशी पसरली मला माहीत नाही, पण पसरली. प्रत्येकाकडे उपाय तयार. कुणी म्हणालं लिंबू-मध, कुणी दालचिनीचं पाणी, कुणी कुळथाचं कढण. एका गिऱ्हाइकानं तर मशीनचा पट्टा हातात घेऊन मला पोटाचा व्यायाम करून दाखवला. आणि सल्ला देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं पोट सल्ल्याच्या आधी दारातून आत येत होतं.

शेवटी पुण्याहून आमच्या मुलीचा, प्राजक्ताचा फोन आला. "आई, इंटरमिटंट फास्टिंग कर. माझ्या ऑफिसात सगळे करतात."

इंटरमिटंट फास्टिंग म्हणजे ठरावीक वेळच खायचं आणि उरलेला वेळ पोट रिकामं ठेवायचं. तिनं मला सोळा-आठ सांगितलं. दुपारी बारा ते रात्री आठ जेवणखाण, बाकी सोळा तास फक्त पाणी आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. काय खायचं यावर फारसं बंधन नाही. मला हे बरं वाटलं. उपास मला नवे नव्हते. आयुष्यभर संकष्ट्या केल्यात, नवरात्र केलंय. फरक एवढाच की इथं साबुदाणा नाही आणि देवही नाही.

मी अगदीच अडाणीपणानं सुरुवात केली नाही, हेही सांगते. मधुमेहाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. तो उचलला काउंटरवरच्या मुलीनं. "डॉक्टर पेशंट बघतायत. उपास ना? चालतंय की काकू, सगळेच करतात. गोळी मात्र चुकवू नका हं."

मी गोळी चुकवली नाही. रोज सकाळी नेमानं गोळी घेतली आणि नाश्ता मात्र दुपारवर ढकलला.

कोल्हापुरात राहून बारापर्यंत उपाशी राहणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. सकाळी दार उघडलं की कोपऱ्यावरच्या मिसळीच्या कटाचा वास. दुकानात माल घेऊन येणारा टेम्पोवाला, "मावशी, चहा सांगितलाय, घ्या की." नाही म्हटलं की तोंड पाडणार. आणि रात्री आठनंतर तर इथं जेवणाला सुरुवात होते. कुणाकडे मटणाचा बेत असला की ताटं वाढेपर्यंत दहा. मी आपली आठच्या आत घरी जेवून जायची आणि सगळ्यांच्या ताटांकडे बघत पाण्याचा ग्लास धरून बसायची. "पांढरा रस्सा तरी घ्या वैनी, तो पाण्यासारखाच असतोय," असंही एकानं मला सांगितलं.

ह्यांना माझी दया आली असावी. सोबत म्हणून हेही फास्टिंगला बसले. संपूर्ण महिनाभर ह्यांनी फक्त सकाळची भडंग आणि दुसरा चहा सोडला, आणि पॅंट सैल झाली. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं. आरशासमोर उभं राहून, "बघ, काही अवघड नाही," म्हणाले. मी पाण्यावर जगत होते आणि माझं वजन दोन किलो उतरून तिथंच बसलं होतं. त्या दिवशी मी ह्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

मग मी हट्टाला पेटले. बारा ते आठ होतं, त्यात रात्रीचं जेवण एक भाकरी आणि थोडी भाजी एवढंच केलं. डाळी, दूध, अंडी, सगळं हळूहळू सुटलं, कारण भूकच मेली होती. काटा पुन्हा उतरायला लागला. मला वाटलं, जिंकले.

आता पुढचं नीट वाचा. तुमच्या घरात कुणी मधुमेहाची गोळी घेत असेल तर नक्की वाचा.

साधारण त्याच सुमारास मला सकाळी उशिरा, अकराच्या आसपास हात थरथरल्यासारखं व्हायला लागलं. सुई बारीक असते, पाकिटातून काढताना सांडायची. पंख्याखाली बसून घाम यायचा. छाती धडधडायची. आणि राग यायचा. साधा राग नव्हे, तळपायाची आग मस्तकात. एका गिऱ्हाइकानं सुट्टे पैसे नाहीत म्हटलं तर मी त्याला दुकानातून जायला सांगितलं. बारा वाजता जेवलं की सगळं शांत.

प्राजक्ताला सांगितलं तर म्हणाली, "आई, शरीर जुळवून घेतंय." मोबाईलवर एक गृहस्थ हसत हसत सांगत होते की चरबी जळताना असं होतं, घाबरू नका. सगळ्यात शेवटी, एका दमात, ऐकू येईल न येईल असं, 'औषधं चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या.' मी तो विचारलाच होता, नाही का?

हातकणंगल्याला माझी थोरली नणंद राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. घरची शेती, गोठ्यात म्हशी, आणि आवाज असा की फोनशिवायही कोल्हापुरात ऐकू यावा. तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आम्ही सकाळीच गेलो. गोळी घेतली होती. आदल्या दिवशीही रात्री जेमतेमच खाल्लं होतं. जेवण साडेबाराला आहे असं आक्कानं सांगितलं होतं, म्हणजे माझ्या वेळेत बसत होतं.

साडेबारा झाले, एक वाजला. सुनेच्या माहेरची माणसं वाटेत अडकलेली. ओटी भरल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. एका बाईनं माझ्यापुढं पेढ्यांचं ताट धरलं.

पुढचं मला थोडं आठवतं, बरंचसं नंतर कळलं.

मी हात पुढं केला होता म्हणे. आणि माझा नवरा, ज्यानं आयुष्यात माझी एकही संकष्टी लक्षात ठेवली नाही, तो लगबगीनं मध्ये आला आणि म्हणाला, "नको नको, तिला देऊ नका. जेवणाआधी गोड खाल्लं की तिचं सगळं फुकट जातं."

ताट पुढं गेलं.

मग मी भांडायला लागले. सगळ्यांशी. आक्काला म्हणाले, तुमच्या घरात वेळेचं भान नाही. जिचं डोहाळजेवण त्या बिचाऱ्या पोरीला काहीतरी बोलले. माझा आवाज चढला, अंगातून घामाच्या धारा, केस सुटलेले, हात थरथरतायत, नजर कुठंतरी भलतीकडेच. बायका मागं सरकल्या. आणि शेजारची एक म्हातारी उठून म्हणाली, "अगं, रागावली न्हाय ती. अंगात आलंया तिच्या. कुक्कू आणा."

कुणीतरी खरंच कुंकवाचा करंडा आणला. माझ्या कपाळावर मळवट भरला. म्हातारीनं हात जोडून विचारलं, "कोण तू आई? काय मागतीस?"

मी म्हणाले, "माल संपलाय. सोमवारी या."

हे सांगताना आज सगळे हसतात, मीही हसते. पण त्या वेळी त्या अंगणात दहा-पंधरा बायका त्या वाक्याचा अर्थ लावत बसल्या होत्या आणि माझ्या मेंदूची साखर संपत चालली होती. मी खांबाला टेकून खाली घसरले तेव्हा आक्का ह्यांच्यावर ओरडली, "अरे विलास, बघत काय हुबा ऱ्हायलायस! गाडी काढ! देव न्हाय न् बिव न्हाय, हिचे डोळे फिराय लागलेत!"

गावातल्या स्टँडजवळ एक लहानसा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांनी मला खाटेवर ठेवायच्या आधीच बोटाला सुई टोचली. मीटर बघितला आणि ह्यांना विचारलं, "शुगरची गोळी घेतात?"

"हो."

"आज घेतली?"

"हो, रोज घेते. कधी चुकवत नाही."

"खाल्लं काय सकाळपासून?"

"काही नाही. उपास आहे."

"कसला? आज तर कसलाच उपास नाही."

"वजनाचा," हे म्हणाले.

डॉक्टरांनी घाईनं माझा हात सरळ केला. शिरेतून ग्लुकोज दिलं. मीटरवरचा आकडा चाळिसाच्याही खाली होता, असं मला नंतर कळलं. सत्तरच्या खाली गेला तरी धोक्याचा मानतात.

मला आठवतं ते असं. कुणीतरी दिवा लावावा तसं सगळं एकदम दिसायला लागलं. वर पंखा. बाजूला माझा नवरा, तोंड रडून सुजलेलं. मी कपाळाला हात लावला तर बोटं लाल. मला वाटलं डोकं फुटलं.

"रक्त नाही ते," डॉक्टर म्हणाले. "कुंकू आहे."

त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. रक्तातली साखर फार खाली जाणं. घाम, थरथर, धडधड, विनाकारण राग, बरळणं आणि मग शुद्ध जाणं. मला इतके दिवस जे होत होतं ते चरबी जळणं नव्हतं.

मी उठून बसले आणि म्हणाले, आता बरी आहे, पंगत झाली असेल, जाऊया. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. "ही गोळी दिवसभर काम करते, आजी. शुगर परत उतरेल. कोल्हापूरला नेऊन ॲडमिट करा." मला आजी म्हटल्याचा राग आला. त्यावरून मला कळलं की मी शुद्धीवर आलेय.

कोल्हापूरच्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं. मला अजूनही हा सगळा अतिरेक वाटत होता. हातात सलाईन, नुकतीच भात-आमटी खाल्लेली, काय होणार आहे? आणि संध्याकाळी, ह्यांच्याशी बोलता बोलता, पुन्हा तोच घाम. सिस्टर धावत आल्या, टोचलं, परत खाली. पुन्हा ग्लुकोज. तेव्हा मात्र मी घाबरले. अंगणात मला काही कळत नव्हतं म्हणून भीती नव्हती. इथं सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी फिजिशियन बाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. माझ्याकडे बघून बोलल्या, ह्यांच्याकडे नाही. तेवढ्यावरच मी त्यांना निम्मं माफ करून टाकलं होतं, त्या काय बोलणार ते ऐकायच्या आधी.

"तुमची गोळी सल्फोनिलयुरिया गटातली," त्या म्हणाल्या. "ती स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढते. तुम्ही जेवलाय की नाही हे तिला कळत नाही. तिचं काम ती करत राहते."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं. जरा मोठ्यानंच विचारलं. "मी फोन केला होता. गोळी चुकवू नका एवढंच सांगितलं. गोळी देताना म्हणाले नाश्त्याआधी घ्या. नाश्ता नसेल तर काय, हे सांगायला किती वेळ लागतो?"

त्यांनी हातातली फाईल मिटली. "सांगायला हवं होतं," म्हणाल्या. "जेवणाची वेळ हाही औषधाचाच भाग असतो. आम्ही तो लिहीत नाही."

डॉक्टरच्या तोंडून 'सांगायला हवं होतं' हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग मला भांडता येईना.

त्यांनी गोळी बदलली. नवी गोळी एकटी साखर एवढी खाली नेत नाही. किडनीसाठी क्रिएटिनिन तपासलं, कारण किडनी मंद असली तर गोळी अंगात जास्त वेळ राहते. एचबीए-वन-सी केली, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ती चांगली आली. "कागदावर तुमचा मधुमेह एकदम छान दिसतोय," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी शुगर खाली जात होती, म्हणून सरासरी छान."

घरी सोडताना फिजिओथेरपिस्टनं मला खुर्चीत बसवलं आणि हात छातीवर घेऊन उठायला सांगितलं. उठता आलं नाही. गुडघे दुखले म्हणून नव्हे, मांडीत जोरच नव्हता. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर मांसही गेलं होतं. साठीनंतर ते तसंही कमी होत असतं, त्यात डाळी, दूध, अंडी सोडली की आणखी झपाट्यानं जातं, आणि गुडघ्याला आधार त्या मांडीचाच. म्हणजे ज्या गुडघ्यांसाठी मी उपाशी राहिले, त्यांचाच टेकू मी काढून घेतला होता. हे ऐकून मला रडू आलं नाही. मला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

प्राजक्ता पुण्याहून आली ती गप्प गप्प होती. दोन दिवसांनी म्हणाली, "आई, मी सांगितलं म्हणून झालं." मी म्हणाले, "तू सांगितलंस ते तुझ्या वयाला ठीक आहे. तुझ्या ऑफिसात कुणी सकाळी माझी गोळी घेत नाही." ह्यांनी मात्र पेढ्यांच्या ताटाबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही. फक्त तेव्हापासून खिशात खडीसाखरेची पुडी असते, आणि मी जरा गप्प बसले की माझ्यापुढं धरतात. साधं आभाळाकडे बघितलं तरी खडीसाखर. वैताग येतो. पण घेते.

उपास वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बाईंनीही म्हटलं नाही. "आता गोळी बदलली आहे, रात्री लवकर जेवा आणि सकाळी नाश्ता करा, एवढी रात्रीची सुट्टी पोटाला पुरे," म्हणाल्या. आता मी सकाळी अंडं आणि भाकरी खाते, दुपारी घट्ट वरण, रात्री लवकर जेवण. रोज खुर्चीतून उठबस करते. आधी टेबलाला धरून, आता नुसतीच. वजन मुंगीच्या पावलानं उतरतंय. कधी उतरतही नाही. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी परवा तपासून सांगितलं की मांडी भरतेय, पावसाळा झाला की एका गुडघ्याचं ऑपरेशन करूया. या वेळी ते माझ्याशी बोलले. ह्यांना मी मुद्दाम बाहेर बसवलं होतं.

मधुमेहाची गोळी घेत असाल तर माझी एकच विनवणी. जेवणाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांसमोर बसा. फोनवर नको, काउंटरवर नको, प्रत्यक्ष समोर. गोळीचं पाकीट हातात धरा आणि विचारा, ही घेऊन मी उपाशी राहिले तर काय होईल? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. बाहेर रांग कितीही असो. आणि घरातलं माणूस अचानक घामाघूम होऊन भलतंसलतं बोलायला लागलं, तर त्याचा राग मनावर घेऊ नका. गिळता येत असेल तर आधी तोंडात साखर घाला, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. देव असेल तर तो थांबेल थोडा वेळ.

बरी झाल्यावर मी हातकणंगल्याच्या त्या डॉक्टरांचे आभार मानायला गेले. आक्का बरोबर होती. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. खोकणारी पोरं, ताप आलेल्या बायका. आक्का कंपाउंडरला म्हणाली, "पावणं, आमी दवा घ्याय न्हाय आलो, नुसतं भेटाय आलोय की." तो म्हणाला, "नंबर लावा, बसा." तास-सव्वातास बसलो. आभार मानायलाही नंबर लावावा लागतो हे मला नवीन होतं, आणि खरं सांगते, दोनदा उठून चालू पडावंसं वाटलं.

आत गेले तर डॉक्टरांनी मला ओळखलंच नाही. मी खुर्चीत बसले, तोंड उघडलं, तोवर त्यांनी माझं बोट धरून सुई टोचली होती.

"अहो डॉक्टर, मी आजारी नाही! त्या दिवशी कुंकू लावलेली बाई, तुम्ही वाचवलंत ती मी. आभार मानायला आलेय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ओळख पटली की नाही कुणास ठाऊक. नजर परत मीटरकडे.

"ते माना सावकाश. आधी सांगा, जेवून आलाय का?"

"हो," मी म्हणाले. "पोटभर."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.